जामठ्याची वाट

यवतमाळहून नागपूर सुमारे दीडशे किलोमीटर आहे. ही वाट आम्ही आयुष्यात कितीदा तुडविली असेल याची गणती नाही; कधी परीक्षेच्या कामासाठी, कधी लग्नकार्यासाठी, कधी घरातील कोणाच्या दुखण्यासाठी. केवळ खेळ पाहण्यासाठी मात्र आम्ही या वाटेने दोनदाच गेलो, आणि दोन्ही वेळा नागपूर न गाठता अलीकडे जामठ्यासच उतरलो. त्या दोन प्रवासांत एक प्रश्न आमच्या सोबतीस बसला, तो अजून उतरलेला नाही. एखाद्या गावाचा संघ त्या गावातून उचलून दुसरीकडे, किंबहुना समुद्रापलीकडे नेला, तर तो कोणाचा राहतो?

प्रथम वाट सांगतो. यवतमाळ सोडल्यावर पहिले मोठे गाव कळंब. येथील चिंतामणी गणेशाचे मंदिर जमिनीच्या पातळीखाली आहे. पायऱ्या उतरून दर्शनास जावे लागते, आणि तेथेच पाण्याचे कुंड आहे. या वाटेने निघालेल्याने कळंबास उतरल्यावाचून पुढे जाऊ नये, असा आमच्या घरचा प्रघात आहे. पुढे वर्धा नदी ओलांडली की आपला जिल्हा संपला. मग देवळी, वर्धा, पवनारास धाम नदीच्या काठी विनोबाजींचा आश्रम, सेलू, बुटीबोरीचे कारखाने, आणि त्यानंतर सपाट रानात एकाएकी दिसणारे विदर्भ क्रिकेट संघटनेचे प्रचंड क्रीडांगण. तेच जामठा. नोव्हेंबर २००८ मध्ये येथे भारत व ऑस्ट्रेलिया यांच्यात पहिला कसोटी सामना झाला. सौरव गांगुलीचा तो अखेरचा कसोटी सामना होय.

आमचा पहिला प्रवास ५ एप्रिल २०१० चा. वीस-वीस षटकांच्या आयपीएल या व्यावसायिक स्पर्धेतील ‘डेक्कन चार्जर्स’ हा हैदराबादचा संघ. त्याचे दैवच असे की, त्यास स्वतःच्या अंगणात खेळावयास फारसे मिळाले नाही. २००९ साली लोकसभेच्या निवडणुका आणि सामन्यांचा बंदोबस्त या दोहोंस एकाच वेळी पुरेल इतके पोलीसबळ मिळेना. तेव्हा सारी स्पर्धाच दक्षिण आफ्रिकेत नेण्यात आली. तेथे, जोहान्सबर्गला, हैदराबादच्या संघाने अजिंक्यपद मिळविले. विजय झाला तो हैदराबादच्या नावाचा. परंतु हैदराबादच्या रस्त्यांपासून हजारो कोस दूर! पुढल्याच वर्षी तेलंगणाच्या आंदोलनामुळे हैदराबादेस सामने होईनात. म्हणून नागपूर, कटक आणि नवी मुंबई ही त्याची ‘घरची’ मैदाने ठरली. अजिंक्यपद मिळविलेला संघ बिऱ्हाड पाठीवर घेऊन आमच्या विदर्भात आला.

घरातील पाच मुले घेऊन भाड्याच्या जीपने आम्ही दुपारीच निघालो. ऊन असे की, कळंबच्या पायऱ्यांवरून मुले अनवाणी अक्षरशः उड्या मारीत उतरली. परत जीपमध्ये बसल्यावर धाकट्या बंधूंच्या मुलाने, त्याचे वय तेव्हा नऊ वर्षांचे, आम्हांस विचारले, “काका, हैदराबादचा संघ आपला कसा?” थोरल्याने परस्पर उत्तर दिले, “आज नागपूर त्याचं घर आहे ना, म्हणून आपला.” धाकट्याचे समाधान झाले नाही. आम्हां जन्मभर विभक्ती शिकविणाऱ्यासही ते उत्तर पुरेसे वाटेना.

‘हैदराबादचा’ यातील षष्ठी ही संबंधाची विभक्ती होय. परंतु संबंध एकच प्रकारचा नसतो. ‘राजाचा हत्ती’ यात स्वामित्वाचा संबंध आहे, ‘झाडाची फांदी’ यात अवयवाचा, आणि ‘देवदत्ताचा पुत्र’ यात जन्माचा. राजा आपला हत्ती विकू शकतो. झाड फांदी विकू शकत नाही. पुत्र दुसऱ्या घरी जाऊ शकतो; पण त्यास दत्तकविधान लागते, संकल्प लागतो, दोन्ही घरची संमती लागते. आता व्यावसायिक संघ पाहा. नाव गावाचे, परंतु मालक एखादी व्यापारी मंडळी. खेळाडू लिलावात बोली लावून घेतलेले. त्यांतील बहुतेकांचा जन्म त्या गावी नाही. म्हणजे गावाकडे स्वामित्व नाही, अवयवसंबंध नाही आणि जन्मसंबंधही नाही. मग ही षष्ठी कोणत्या अर्थाची?

त्याचे उत्तर त्या रात्री आम्हांस थोडेसे मिळाले. राजस्थानच्या संघाकडून हैदराबाद अवघ्या दोन धावांनी हरले. परतीच्या वाटेवर बुटीबोरीच्या दिव्यांपर्यंत कोणी बोलले नाही. आणि मग पाठीमागून हुंदका ऐकू आला. दुपारी ज्याने ‘हा संघ आपला कसा’ म्हणून विचारले होते, तोच मुलगा रडत होता. चार तासांपूर्वी जो त्याचा नव्हता, तो केवळ डोळ्यांदेखत झुंजला व हरला म्हणून त्याचा झाला होता. स्वामित्व नाही, जन्म नाही; हा ममत्वाचा संबंध होय. व्याकरणात त्यास वेगळे घर नसेल. लोकांच्या मनात मात्र आहे. आणि मालक विकत असतो ते हेच ममत्व; कारण याखेरीज त्याच्या संघास किंमत ती कोणती? पुढे २०१२ साली तो संघच बरखास्त झाला व हैदराबादेस दुसऱ्या मालकाचा, दुसऱ्या नावाचा संघ आला. आमच्या मुलाच्या खणात त्या जुन्या संघाची टोपी कित्येक वर्षे पडून होती.

हीच कथा मोठ्या प्रमाणावर अमेरिकेत घडते, हे आम्हांस आमच्या वडील बंधूंच्या मुलाच्या पत्रांवरून कळले. तो कॅलिफोर्नियात ओकलंड शहराजवळ असतो. तिकडे ज्यास फुटबॉल म्हणतात, तो लंबगोल चेंडू हाती घेऊन धावण्याचा व धडका देण्याचा खेळ. खेळाडूंच्या अंगावर कवचे, डोक्यावर शिरस्त्राणे. ओकलंडचा ‘रेडर्स’ हा संघ १९६० पासूनचा. तो १९८२ साली लॉस एंजलिसला गेला, १९९५ साली परत आला, आणि मार्च २०१७ मध्ये इतर संघमालकांच्या संमतीने त्याचे लास व्हेगासला जाणे ठरले. २०२० पासून तो तेथील नावाने खेळतो. त्याआधी १९८४ च्या मार्च महिन्यात बाल्टिमोरचा ‘कोल्ट्स’ संघ तर एका रात्रीत मालमोटारींत सामान भरून इंडियानापोलिसला निघून गेला. सकाळी गाव उठले तो संघ नाही! पुतण्याने लिहिले होते, “काका, शेजारचे वृद्ध गृहस्थ अजून जुना झेंडा दारावर लावतात. संघ गेला, पण त्यांना दुसरा आपलासा करता येत नाही.”

आता तर अशा एखाद्या संघास कायमचे लंडनला नेण्याची भाषा वरचेवर होते. त्या संघटनेने १९९१ साली युरोपात वेगळे संघ काढून पाहिले. २००७ साली तो प्रयोग बंद केला, आणि त्याच वर्षी आपला नियमित हंगामातील एक सामना लंडनच्या वेम्बली मैदानावर भरविला. फ्लोरिडातील जॅक्सनव्हिलचा संघ २०१३ पासून, २०२० चे साथीचे वर्ष वगळता, दरसाल आपला एक तरी सामना लंडनला खेळत आला आहे. तरीही कायमचे स्थलांतर अद्यापि कोणी केलेले नाही. अडचणी उघड आहेत. लंडनहून लॉस एंजलिसला विमानाने सुमारे अकरा तास लागतात आणि घड्याळात आठ तासांचा फरक पडतो. एका संघात ५३ खेळाडू, त्यांची कुटुंबे, मुलांच्या शाळा, दोन देशांचे कर. महाविद्यालयातून निघालेल्या तरुणास जो संघ निवडील त्याच्याकडेच जावे लागते. उद्या त्यास परदेशी बिऱ्हाड करावे लागेल. परंतु या साऱ्या प्रवासाच्या अडचणी झाल्या. पैसा त्या दूर करू शकतो. जॅक्सनव्हिलच्या ज्या मुलाचा घरच्या मैदानावरील एक सामना दरसाल कमी होतो, त्याची अडचण मात्र कोणत्याही हिशेबात बसत नाही.

याच देशात उलट उदाहरणही आहे. विस्कॉन्सिन राज्यातील ग्रीन बे हे आमच्या यवतमाळएवढेच, लाखभर वस्तीचे गाव. तेथील ‘पॅकर्स’ संघ १९२३ पासून लोकांच्या भागभांडवलावर चालतो. भागधारक पाच लाखांहून अधिक आहेत. त्यांस नफा मिळत नाही, भाग बाजारात विकता येत नाही. सबब तो संघ कोणास उचलून नेता येत नाही. तेथील षष्ठी स्वामित्वाचीही आहे आणि ममत्वाचीही.

समुद्र ओलांडणे हाच दोष आहे असे मात्र आम्ही म्हणत नाही. आमच्या शेजारच्या अमरावतीस १९१४ साली वैद्य बंधूंनी श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापिले. १९३६ साली त्या मंडळाचा संघ बर्लिनला ऑलिंपिकच्या वेळी गेला आणि हुतुतूसारखे आपले देशी खेळ त्याने परक्यांस करून दाखविले. बोटीचा प्रवास, परकी हवा, परके अन्न. तरी तो संघ क्षणभरही अमरावतीचा नाही असे झाले नाही. देवळांत अचलमूर्ती व चलमूर्ती असा भेद असतो. चलमूर्ती पालखीत बसून गावोगाव जाते. परंतु तिला परत यावयाचे ठिकाण असते, गाभाऱ्यातील अचलमूर्ती आपल्या जागी असते, म्हणूनच त्या फिरण्यास उत्सव म्हणतात. गाभाराच विकून पालखी निघाली, तर ते नुसते स्थलांतर. आज मुंबईच्या संघाचे मालक ‘एमआय’ ही अक्षरे घेऊन केपटाऊन व न्यूयॉर्क येथे संघ चालवितात. अक्षरे समुद्रापार गेली. मुंबई काही गेली नाही.

कधी संघास जाऊ देणेच उचित असते, हेही येथे सांगितले पाहिजे. २०१६ च्या उन्हाळ्यात पंजाबच्या संघाचे काही सामने नागपुरास ठरले होते. तो दुष्काळाचा काळ. १२ एप्रिलला मिरजेहून पाणी घेऊन निघालेली पहिली आगगाडी लातुरास पोहोचली, आणि दुसऱ्याच दिवशी मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर नेण्याचा हुकूम केला. घरातील मुले हिरमुसली. पण जेथे घागरीसाठी रांग आहे, तेथे हिरवळीवर फवारे उडवून कोणास खेळाचा आनंद घेता येईल? जो संघ गावाच्या तहानेत गावाबरोबर नसतो, तो गेला तर रडू नये, असे आम्ही त्यांस सांगितले. एवढेच की, तो आला काय आणि गेला काय, दोन्ही निर्णयांत गावास कोणी विचारले नव्हते.

आता दुसरा प्रवास. फेब्रुवारी २०१९. जामठ्यास रणजी करंडकाचा अंतिम सामना, विदर्भ विरुद्ध सौराष्ट्र. आदल्या वर्षी विदर्भाने इंदूरला दिल्लीस हरवून हा करंडक प्रथमच जिंकला होता. या खेपेस बरोबर एकच मुलगा होता, तोच धाकटा, आता अठरा वर्षांचा. वर्ध्याच्या पुढेमागे रस्ता रुंद करण्याची कामे चालली होती. शेतांत हरभरा व गहू उभा होता, पळसास नुकत्या कळ्या धरल्या होत्या. मैदानात शिरलो आणि दोघेही थबकलो. २०१० साली हैदराबादच्या संघासाठी जेथे तिकिटांची मारामार होती, तेथे आज वाटेल त्या खुर्चीवर बसावे! ज्यास कोणी विकत घेऊ शकत नाही, ज्यास लास व्हेगास वा लंडन यांचे भय नाही, जो जन्माने, अवयवाने आणि नावाने विदर्भाचाच आहे, तो संघ जवळजवळ रिकाम्या बाकांपुढे खेळत होता.

आदित्य सरवटे याने त्या सामन्यात अकरा बळी घेतले आणि विदर्भ ७८ धावांनी विजयी झाले. विजयाच्या क्षणी जी थोडी मंडळी होती, ती उभी राहिली. त्यांत शेतकरी होते, महाविद्यालयीन मुले होती, दोन-तीन आमच्यासारखे पेन्शनरही होते. परतताना कळंबास आम्ही पायऱ्यांवर टेकलो तेव्हा मुलगा म्हणाला, “काका, तो हैदराबादचा संघ आपला वाटला, कारण आपण रडलो. आणि हा आपला असून आपण आलोच नव्हतो.” आम्ही त्यास व्याकरण शिकविले नव्हते असे नाही, पण ही षष्ठी त्याने आपली आपण सोडविली.

मालक संघ नेतात, हे खरे. पण त्याआधी आपण आपल्या संघास एकटे सोडलेले असते, हेही तितकेच खरे. मार्च २०२५ मध्ये विदर्भाने जामठ्यासच केरळविरुद्ध पहिल्या डावातील आघाडीवर तिसऱ्यांदा रणजी करंडक मिळविला. मुलगा आता नोकरीनिमित्त हैदराबादेस असतो. त्या दिवशी त्याने दूरध्वनीवरून प्रथम एवढेच विचारले, “काका, बाक भरले होते का?” आम्ही गेलो नव्हतो, गुडघ्याचे निमित्त सांगितले. पुढच्या हंगामात ते निमित्त सांगावयाचे नाही, असे ठरविले आहे. वाचकहो, आपल्याही गावाजवळ असे एखादे मैदान असेलच.