किल्लीच्या आधी

स्मृतिभ्रंशात माणसाची गाडी एका दिवसात सुटत नाही. नागपुरातल्या एका घरची, बाबांच्या स्कूटरवरून काय काय गेलं त्याची ही यादी. गेलं त्या क्रमानं.

रात्र. सर्वांत आधी ती गेली. दिवेलागणीनंतर काही आणायचं निघालं की बाबा म्हणायचे, "उद्या सकाळी जाईन ना!" वयाचं कारण सगळ्यांना पटलं.

उजवं वळण. लक्ष्मीनगरातून बर्डीला जाताना बाबा डावं-डावं घेत लांबून जाऊ लागले. उजवीकडे वळायचं म्हणजे समोरून येणारी वाहनं कापायची. त्यांचा वेग जोखायचा, मधली फट हेरायची, हात दाखवायचा आणि तोलही सांभाळायचा. चारही कामं एकदम. नावं-गावं पाठ असतात तेव्हाही हे जड जाऊ लागतं.

नवे रस्ते. जुनं नागपूर डोळे मिटून सांगतील. पण वर्धा रोडवर आता ३.१४ किलोमीटरचा दुमजली पूल आहे: खाली रस्ता, मध्ये उड्डाणपूल, वर मेट्रो. वर चढायचं की खालून जायचं, हे पुलाच्या तोंडाशीच ठरवावं लागतं. बाबा तिथं थांबायचे. मागून हॉर्न.

बिनगिअरची सवय. बाबांची उमेदीची वर्षं चेतकवर गेली. १९७२ साली बाजारात आलेल्या त्या गाडीचा क्लच डाव्या मुठीत, गिअरही तिथंच. मागचा ब्रेक उजव्या पायाखाली. पुढे घरात बिनगिअरची गाडी आली. तिच्या डाव्या मुठीत ब्रेक असतो, पायाशी काहीच नाही. घाईच्या क्षणी बाबांचा पाय कोरा पत्रा दाबत राही आणि क्लच समजून आवळलेल्या ब्रेकनं गाडी भर रस्त्यात गचकन अडे. नंतरची सवय पुसली गेली, जुनी तेवढी शाबूत.

मागची सीट. आधी आई बसेनाशी झाली: "तुम्ही व्हा पुढे, मी ऑटोनं येते." मग सुनेनं नातीला शाळेतून स्वतःच आणायला सुरुवात केली. कोणी काही बोललं नाही. खरा निर्णय तिथंच झाला होता. ज्या गाडीवर आपलं लेकरू बसवायला मन धजत नाही, ती दुसऱ्यांच्या लेकरांमधून जाऊ देऊ नये.

लायसन. हे मात्र जात नाही, खिशात राहतं. पंचावन्ननंतर ते पाच-पाच वर्षांसाठी मिळतं. अर्जात फिट येतात का, दिसतं का, ऐकू येतं का, हे विचारतात. स्मरणशक्तीचा वेगळा प्रश्न नाही. चालक आजारामुळे गाडी चालवण्याजोगा राहिला नाही असं सबळ कारणानं वाटलं, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १६ खाली आरटीओ लायसन रद्द करू शकतं. पण आरटीओ घरी येऊन बघत नाही. बघणारे घरचेच.

किल्ली. सर्वांत शेवटी. "गाडी गॅरेजला आहे" हे कारण एक दिवस चालतं. बाबा ते विसरतात आणि दुसऱ्या दिवशी भांडण नव्यानं: "माझी किल्ली कोण लपवून राहिलं?" अशा वेळी 'गाडी चालवू नये' हे डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून घ्यावं, मुलाच्या शब्दापेक्षा चिठ्ठीला मान असतो. आणि गाडी विकून टाकावी. दारात दिसली की आठवतेच.

निदान झालं की त्याच दिवशी गाडी बंद, असं प्रत्येकाच्या बाबतीत नसतं. पण दुचाकीला तोल लागतो, तिथं चुकीला जागा कमी. ओळखीचा रस्ता चुकणं, गाडीवर नवे ओरखडे, विनाकारण ब्रेक, यातलं एक जरी दिसलं तरी डॉक्टरांना विचारा; अपघाताची वाट पाहू नका. आणि किल्ली घ्याल त्याच आठवड्यात दुसरी सोय लावा. गोकुळपेठ बाजाराचा वार ठरवा, बर्डीला मेट्रोनं सोबत जा. नुसतं 'आता घरी बसा' म्हणू नका.