दीड तासावरची कराची

अंधेरीत वाढलेल्या माणसाला विमानाचे अप्रूप नसते. विमान डोक्यावरून जाऊ लागले की बोलणे थांबवायचे आणि आवाज विरला की त्याच शब्दापासून पुढे सुरू करायचे, ही इथली रीतच. पण विमान कोठे जाते आणि किती वेळात, याचा हिशेब मांडण्याचा छंद मला लागला तो आजीमुळे.

आजी कराचीची. 1936 सालचा जन्म. मराठी माणसे तिथे काय करत होती, असे पुष्कळजण विचारतात. अहो, त्या वर्षीच्या एप्रिलपर्यंत सिंध मुंबई इलाख्यातच होता! पणजोबा टपाल खात्यात कारकून. आज एखाद्याची नागपूरला बदली व्हावी, तशी त्यांची कराचीला झाली. तिथल्या बंदर रोडवरच्या शाळेला शिक्षण खात्यातल्या नारायण जगन्नाथ वैद्यांचे नाव होते, आणि ते आजही आहे. रस्त्याचे मात्र बदलून एम. ए. जिना रोड झाले. 1947 साली ही मंडळी आगबोटीने मुंबईला आली. दोन रात्री लागल्या आणि धक्क्यावरच्या गर्दीत भातुकलीची पेटी गेली, हे आजी अजून सांगते. घर गेले त्याबद्दल ती फारसे बोलत नाही.

आता हिशेब. मुंबई ते कराची सरळ रेषेत सुमारे 875 किलोमीटर, दिल्ली 1,140. म्हणजे कराची दिल्लीहून जवळ! विमानाला दीड तास पुरे. शिवाय तिथले घड्याळ आपल्या अर्धा तास मागे. इथून दहाला निघालेला माणूस तिथल्या अकराला उतरायचा.

15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटांनी एका इंजिनाच्या चिमुकल्या पुस मॉथ विमानातून कराचीचे टपाल मुंबईला आणले. मुंबईला म्हणजे आमच्या शेजारी, जुहूला. अहमदाबादला उतरून पेट्रोल भरले, तरी सकाळी साडेसहाच्या सुमारास निघून ते दुपारी दोनच्या आत पोहोचले. सगळे मिळून सव्वासात तास.

आज थेट विमान नाही. एप्रिल 2025 मध्ये दोन्ही देशांनी एकमेकांच्या विमानांना आपापले आकाशही बंद केले. दुबईवरून वळसा घ्यायचा, तर आधी 1,930 किलोमीटर आणि मग 1,190. दोन उड्डाणांचेच पाच तास, वर दुबईला ताटकळणे. विमाने टाटांच्या त्या विमानाच्या पाचपट वेगाने उडतात, आणि प्रवास मात्र 1932 पेक्षा लांबतो! व्हिसासाठी जाणारे दिवस यात धरलेलेच नाहीत.

हा सगळा हिशेब मी कागदावर मांडून आजीला दाखवला. तिने चष्मा लावून आकडे नीट पाहिले. मग म्हणाली, "पण दुबईला कशाला जायचं रे? तिथं आपलं कोण आहे?"