तीन पुस्तकांची रिकामी जागा

स्मरणिकेसाठी आठवण लिहावी, असा संपादक मंडळाचा निरोप आला तेव्हा पहाटेची वंदना, पत्र्याच्या खोल्या आणि कवायतीचे मैदान यांविषयी आम्ही लिहू, अशी अपेक्षा असावी. त्या आठवणी इतर बांधव आमच्याहून चांगल्या लिहितील. आम्हाला लिहायचे आहे ते एका इंग्रजी चित्रपटाविषयी. शाळेच्या अंगणात तो आम्ही एका रात्री पाहिला आणि गेली चाळीस वर्षे तो आमच्या सोबतीला आहे.

1985 सालच्या भीमजयंतीची ती रात्र. आम्ही तेव्हा आठवीत होतो. वर्गणी काढून गावातून रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने आणला होता. हिंदी मारधाडीचा चित्रपट संपला आणि निम्मी मुले सतरंजीवरच झोपी गेली. मग आमच्या इतिहासाच्या सरांनी दुसरी कॅसेट लावली. चित्रपट इंग्रजी होता आणि अंगणात ती भाषा जाणणारे सर एकटेच होते. ते टीव्हीशेजारी उभे राहिले आणि एकेक संवाद मराठीत सांगू लागले. आज सर कालकथित आहेत. पण तो चित्रपट आम्ही पुन्हा लावतो तेव्हा नायकाच्या तोंडून आम्हाला सरांचाच आवाज ऐकू येतो.

चित्रपटाचे नाव ‘द टाइम मशीन’. एच. जी. वेल्स यांच्या 1895 सालच्या कादंबरीवरून जॉर्ज पाल यांनी तो 1960 साली काढला. रॉड टेलर यांनी रंगवलेला नायक काळातून प्रवास करणारे यंत्र तयार करतो. एक खुर्ची, पुढे दांडा, मागे गरगर फिरणारी मोठी चकती. दांडा पुढे सरकताच मेणबत्ती पाहता पाहता वितळते, गोगलगाय धावू लागते, फुले उमलतात नि मिटतात. समोरच्या दुकानातील पुतळीच्या अंगावरचे कपडे बदलत जातात. तेथे सर म्हणाले, “पोशाखावरून काळ ओळखायला शिका.” इतिहासाचे साधन म्हणजे काय, हे आम्हाला त्या पुतळीने शिकवले.

नायक 1917 साली थांबतो, तेव्हा पहिले महायुद्ध चालू असते. 1940 साली थांबतो, तेव्हा लंडनवर बाँब पडत असतात. 1966 साली थांबतो, तर अणुयुद्ध! सर हसून म्हणाले, “हे साल होऊनही गेले. तेव्हा तुमचा जन्म झाला नव्हता. जग अजून शिल्लक आहे.” आम्हाला केवढा धीर आला!

मग एकदम 802701 साल. हिरवीगार बाग, गोरीगोमटी, आयते खाणारी माणसे. त्यांचे नाव इलॉय. एक मुलगी नदीत बुडते आहे, ओरडते आहे, आणि काठावरचे कोणी जागचे हलत नाही. नायक तिला वाचवतो. ‘तुमची पुस्तके दाखवा’, असे तो म्हणतो. फळीवर पुस्तके असतात. पण हात लावताच त्यांची माती होते. तेथे सरांनी कॅसेट थांबवली. ते काही बोलले नाहीत. अंगणात रातकिड्यांचा आवाज तेवढा येत होता.

पुढे भोंगा वाजतो आणि इलॉय मान खाली घालून चालू लागतात. जमिनीखाली राहणारे मॉरलॉक त्यांना गुरांसारखे पोसतात आणि खातात. नायक ती भुयारे पेटवून देतो, तेव्हा आम्ही जागी असलेली सगळी मुले टाळ्या पिटत होतो. शेवटी तो आपल्या काळात परत येतो, पण मित्रांचा विश्वास बसत नाही. तो पुन्हा निघून जातो. कपाटातून तीन पुस्तके नाहीशी झालेली असतात. कोणती, हे कोणालाच सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सरांनी वर्गात विचारले, “उद्ध्वस्त जग पुन्हा उभे करायचे आहे. तुम्ही कोणती तीन पुस्तके न्याल?” आमच्यापैकी बहुतेकांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’, बाबासाहेबांचे चरित्र आणि विज्ञानाचे क्रमिक पुस्तक लिहिले. आमच्याच बाकावरच्या एका मित्राने तिसरे नाव लिहिले: हजेरीपट. वर्ग हसला. सर्वांत मोठ्याने आम्ही हसलो. सर हसले नाहीत. त्यांनी कारण विचारले.

तो उभा राहून म्हणाला, “आमच्या घरात कुणाचं नाव कुठल्या वहीत न्हाई, सर. माझं तेवढं त्यात हाये.”

सरांनी फळ्यावर इतर पुस्तकांच्या वर ‘हजेरीपट’ हा शब्द लिहिला. पुढच्या वर्षी दिवाळीनंतर तो मित्र परत आला नाही. घरची माणसे ऊसतोडीला गेली होती. काही दिवस वर्गात त्याचे नाव पुकारले जात राहिले. मग एके दिवशी ते पुकारले गेले नाही.

एम. ए. करीत असताना वेल्स यांची मूळ कादंबरी आमच्या हाती पडली आणि आमचा चित्रपट आम्हाला नव्याने दिसला. वेल्स यांची आई अपपार्क नावाच्या एका श्रीमंत वाड्यात घरव्यवस्था पाहत असे. तेथील नोकरांची ये-जा जमिनीखालच्या भुयारी वाटांनी होई. वेल्स स्वतः कापडदुकानात उमेदवारी करून आले होते. त्यांच्या कादंबरीतले मॉरलॉक हे पिढ्यान्‌पिढ्या जमिनीखाली राबायला लावलेल्या कष्टकऱ्यांचे वंशज आहेत. वेल्स यांनीही त्यांना भयानकच रंगवले आहे. पण ते तसे का झाले, हे सांगायला ते विसरले नाहीत. चित्रपटात हे कारण बदलले आहे. तेथे बोलणारी कडी सांगते की, दीर्घ युद्धानंतर काहींनी जमिनीखाली राहणे पसंत केले आणि काहींनी उजेडात.

पसंत केले! गावकुसाबाहेर आमचे पूर्वज राहिले ते पसंतीने काय? त्या रात्री भुयारे पेटली तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या, हे आठवून आम्ही ग्रंथालयात कितीतरी वेळ नुसते बसून राहिलो.

तरीही त्या चित्रपटावरचे प्रेम ओसरले नाही. कारण ती तीन पुस्तके मूळ कादंबरीत नाहीत. तेथे नायक पाठपिशवी आणि कॅमेरा घेऊन निघतो. पुस्तकांची ती रिकामी जागा चित्रपटाने दिली. ग्रंथांसाठी राजगृह उभारणाऱ्या बाबासाहेबांच्या लेकरांना ती आपली वाटावी, यात नवल नाही. ज्यावर प्रेम आहे त्याची चूकही डोळे उघडे ठेवून पाहावी, हे आम्ही या चित्रपटापासून शिकलो.

पुढे याच शाळेत शिक्षक म्हणून रुजू झालो तेव्हा आम्ही पहिल्यांदा 1985 सालचा हजेरीपट शोधला. अडगळीच्या खोलीत गठ्ठा सापडला, पण त्याला वाळवी लागली होती. उचलताच त्याची माती हातात आली. चित्रपटातला तो प्रसंग आम्ही तोवर अनेकदा पाहिला होता; आपल्या हातून तो घडेल, असे वाटले नव्हते.

जनरल रजिस्टर मात्र शाबूत होते. त्यात मित्राचे नाव आहे, जन्मतारीख आहे, प्रवेशाची तारीख आहे. शाळा सोडल्याचे कारण या रकान्यात दोनच शब्द आहेत: ‘सतत गैरहजर’. ही नोंद खोटी नाही. पण त्या कडीने सांगितलेल्या इतिहासासारखी ती अपुरी आहे. गैरहजर का, हे तिला ठाऊक नाही. कोयता, बैलगाडी, फडावरची पाचटाची खोपी यांतले काही त्या रकान्यात मावलेले नाही. शंभर वर्षांनी कोणी ते पान वाचले तर म्हणेल, मुलाने शाळेत न येणे पसंत केले.

आता दरवर्षी आठवीच्या वर्गाला आम्ही तो चित्रपट दाखवतो आणि सरांचाच प्रश्न विचारतो. भुयारे पेटतात तेथे कॅसेट थांबवावी तसे थांबतो आणि आणखी एक प्रश्न विचारतो: यांना खाली कोणी पाठवले? मुले आमच्याहून शहाणी आहेत. अलीकडे टाळ्या वाजत नाहीत.

शाळेच्या ग्रंथालयात एका फळीवर आम्ही तीन पुस्तकांची जागा रिकामी ठेवली आहे. तेथे पहिली वही आता ठेवत आहोत. माजी विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी आपल्या घरातील ज्या माणसांची नावे कोणत्याच वहीत नाहीत, त्यांची हकिकत तिच्यात लिहावी. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी सांगावी; आम्ही लिहून घेऊ. शाळा मध्येच सोडावी लागलेल्यांनी तर आवर्जून यावे.

आणि आमच्या बाकावरचा तो मित्र हे वाचत असेल, किंवा कोणी त्याला वाचून दाखवत असेल, तर त्याला आमची विनंती आहे. बाबा रे, त्या दिवशी आम्ही हसलो, ती आमची चूक झाली. वहीचे पहिले पान तुझ्यासाठी कोरे ठेवले आहे. कारणाचा रकाना तू भर.