गीझरची सूत्रे आणि आमचे भाष्य

गेल्या पौषातील गोष्ट. निफाडकडे द्राक्षबागांतून पहाटे शेकोट्या पेटू लागल्या म्हणजे नाशिकच्या न्हाणीघरांत ऊन पाण्याचा प्रश्न उग्र होतो, हे इकडील वाचकांस सांगावयास नको. आमच्या घरी लहानथोर मिळून आठ माणसे. सकाळच्या दोन तासांत सर्वांची स्नाने उरकावयाची; आणि नेमक्या त्याच वेळी भिंतीवरील गॅस गीझरने आपल्या काचेवर 'ई १' अशी तांबडी अक्षरे उमटवून संप पुकारावा, असे चालले होते.

पहिल्या दिवशी ज्याने त्याने आपापल्या स्वभावानुसार उपचार केले. चिरंजीवांनी नळ चारदा उघडला नि मिटला. नातवाने यंत्राच्या कुशीत एक थाप दिली. सौभाग्यवतींनी "बंब होता तेव्हा असले काही नव्हते," हे आपले नित्याचे मत नोंदविले. आम्ही मात्र कपाटातून त्या यंत्राची पुस्तिका शोधून काढली व चष्मा पुसून वाचावयास बसलो.

जन्मभर संस्कृत शिकविलेल्या माणसास 'ई १' पाहून पाणिनीची आठवण व्हावी, हा दोष वाचकांनी क्षम्य मानावा. 'अच्' म्हटले की सारे स्वर आले, 'हल्' म्हटले की सारी व्यंजने आली. यंत्र बनविणारेही असेच सूत्रकार. अक्षर थोडके, अर्थ फार. भेद इतकाच की, पाणिनीचा 'अच्' काशीत आणि नाशिकात एकच असतो, आणि या नव्या सूत्रकारांचे व्याकरण ज्याचे त्याचे निराळे. एका कारखान्याचा 'ई १' म्हणजे ज्योत पेटली नाही, तर दुसऱ्याचा तोच 'ई १' म्हणजे भलतेच काही. शेजाऱ्यास विचारून येथे भागत नाही. आपल्याच यंत्राचे भाष्य पाहावे लागते. ते भाष्य बहुधा शेवटच्या पानावर, मुंगीच्या अक्षरांत असते.

आमच्या यंत्राचा 'ई १' हा ज्योतीचा होता. नळ सोडला की पाण्याच्या दाबाने आतला एक पडदा सरकतो व त्याने कळ दाबली जाते. मग खालच्या डबीतील दोन जाडे सेल ठिणगी पाडतात व गॅसची झडप उघडतात. ज्योतीजवळ एक बारीक सळई असते. पेटलेल्या ज्योतीतून विजेचा अत्यंत सूक्ष्म प्रवाह वाहू शकतो. तो या सळईस लागला तर यंत्र समजते की अग्नी प्रदीप्त झाला. काही सेकंदांत तो लागला नाही, अथवा लागून मध्येच तुटला, तर यंत्र झडप मिटते आणि काचेवर सूत्र लिहिते. म्हणजे 'ई १' चा खरा अर्थ एवढाच की, 'मला ज्योत दिसली नाही.' ती का दिसली नाही, हे त्यास ठाऊक नसते. सेल उतरले असतील, सिलिंडर संपत आला असेल, नवा सिलिंडर जोडताना नळीत हवा राहिली असेल, सळईवर काजळी धरली असेल. सूत्र रोगाचे लक्षण सांगते. कारण आपण शोधावयाचे.

येथे आम्हांस आयुर्वेदातील निदानपंचक आठवले. कारण, पूर्वरूप, रूप, उपशय व संप्राप्ति अशी रोग ओळखण्याची पाच साधने तेथे सांगितली आहेत. त्यांतील उपशय आम्हांस फार आवडतो. रोग संदिग्ध असेल तर एखादे औषध देऊन पाहावयाचे; गुण आला तर निदान बरोबर. आम्ही हीच पद्धत स्वीकारली. प्रथम स्वस्तातला उपाय, म्हणजे सेल बदलले. एक दिवस ठीक गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा 'ई १'. सिलिंडर बदलला, एक स्नान झाले आणि दुसऱ्या स्नानात ज्योत मध्येच गेली.

आमच्या अंगी आलेल्या या वैद्यकीस एक जुने यशही कारण झाले होते. २०१८ च्या फेब्रुवारीअखेर इंग्लंडात कडाक्याच्या थंडीची लाट आली होती. तेथे असलेल्या आमच्या पुतण्याच्या घरचा बॉयलर अंक दाखवून बंद पडला. त्या देशात एकच बॉयलर स्नानाचे पाणीही तापवितो व भिंतीशी बसविलेल्या लोखंडी पन्हळ्यांतून ऊन पाणी फिरवून सारे घर ऊबदार ठेवतो. तो बंद पडणे म्हणजे आमच्यासारखे पारोसे राहण्यावर निभावत नाही. पुतण्याने दूरध्वनीवर अंकाचा अर्थ वाचून दाखविला. आम्ही येथून विचारले, "अरे, यातून काही बाहेर वाहते काय?" वाहत होते. नव्या धर्तीच्या बॉयलरमध्ये धुरातील वाफेचे पाणी होते व ते एका प्लॅस्टिकच्या नळीने घराबाहेर जाते. ती नळी बाहेर गोठली होती. त्याने तिच्यावर कोमट पाणी ओतले (कढत ओतल्यास नळी तडकण्याचे भय), कळ दाबली, आणि बॉयलर धडधडू लागला. "काका, तुम्ही इंजिनीयर व्हावयास हवे होते," असे तो म्हणाला. मॅट्रिकवर थांबलेल्या माणसास हे वाक्य किती दिवस पुरते, ते वाचकांनीच समजावे. पुतण्याने त्याच वेळी आणखी एक गोष्ट सांगितली होती. तिकडे बॉयलरचे झाकण उघडून गॅसला हात लावण्याचा अधिकार नोंदणी झालेल्या कारागिरासच असतो. २००९ पासून 'गॅस सेफ' नावाची ती नोंदवही आहे. या दुसऱ्या गोष्टीकडे आम्ही लक्ष दिले नाही.

आता आमच्या न्हाणीघराकडे पुन्हा वळू. ज्योत मध्येच का विझते, याचा विचार करीत आम्ही तेथे उभे असता मानेवर गार झोत आला. गीझरच्या अगदी शेजारी झरोका, आणि त्यातून उत्तरेचा वारा. कारण सापडले! आम्ही जाड पुठ्ठा कापून झरोका बंद केला. त्या दिवसापासून 'ई १' नाहीसा झाला. शिवाय न्हाणीघर ऊबदार राहू लागले, म्हणून घरात आमची वाहवाही झाली. उपशयाने निदान सिद्ध झाले, असे आम्ही जेवताना सर्वांस समजावून सांगितले.

पुढे आठ-नऊ दिवस सुखात गेले. सूनबाई मध्ये दोनदा म्हणाल्या, "मामंजी, हल्ली न्हाऊन आले की डोके जड होते." आम्ही पित्तावर बोट ठेवले. यंत्र वीस मिनिटांनी आपोआप बंद होई, तेही आम्हांस कारखान्याची कंजुषी वाटे. नळ मिटून पुन्हा सोडला की ते चालू होते, ही युक्ती सर्वांस आम्हीच शिकविली होती.

एका सोमवारी लागोपाठ दोन स्नाने झाल्यावर आमची चौदा वर्षांची नात आत गेली. पाण्याचा आवाज येत होता. आजीने हाक मारली, उत्तर नाही. दुसरी हाक, तिसरी हाक. चिरंजीवांनी खांद्याने कडी तोडली. मुलगी फरशीवर पडली होती आणि भिंतीवर गीझर शांतपणे जळत होता. काचेवर कोणतेही सूत्र नव्हते; पाण्याची उष्णता तेवढी दिसत होती, ४६.

तिला उचलून गच्चीत मोकळ्या हवेवर आणले, गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या, आणि तसेच रुग्णालयात नेले. तेथे बोटास चिमटा लावला, त्यावर अंक आला ९८. आमचा जीव भांड्यात पडला. पण डॉक्टरबाई त्या अंकाकडे पाहून म्हणाल्या, "हा येथे खरा मानावयाचा नाही." कार्बन मोनॉक्साइड हा वायू रक्तातील हिमोग्लोबिनास प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो, आणि त्या चिमट्यास प्राणवायूने भरलेले रक्त व या विषाने भरलेले रक्त यांतला भेद कळत नाही. त्यांनी रक्ताची वेगळी तपासणी करविली व तोंडावर मुखवटा बसवून शुद्ध प्राणवायू सुरू केला. दुपारी नात बोलू लागली. संध्याकाळी तिने भात मागितला. आम्ही तोवर बाहेरच्या बाकावर बसून होतो. कोणी आम्हांस दोष दिला नाही, आणि तेच सोसवत नव्हते.

दुसऱ्या दिवशी सातपूरहून गीझरचा कारागीर आला. तो आमचाच जुना विद्यार्थी निघाला. त्याने पुढचे झाकण काढून दाखविले. ज्योत निळी असावयाची ती पिवळी, वरच्या तांब्याच्या पात्यांत काजळी. झरोक्यावरचा पुठ्ठा त्याने काढून आमच्या हाती दिला आणि म्हणाला, "गुरुजी, वारा बंद केलात म्हणून ई १ गेला. पण वाऱ्याबरोबर हवाही बंद झाली. हा आकडा गीझरच्या दुखण्याचा आहे, माणसाच्या नाही."

हवा अपुरी पडली की गॅस अर्धवट जळतो व हा वायू होतो. सिलिंडरच्या गॅसला गळती कळावी म्हणून मुद्दाम दुर्गंध घातलेला असतो. याला वास नाही, रंग नाही, धूर नाही. जेथे धूर तेथे अग्नी, हे अनुमान आम्ही वर्षानुवर्षे फळ्यावर लिहिले. त्याचे उलटे खरे नव्हे, हे सांगताना तापलेल्या लोखंडी गोळ्याचा दृष्टांतही देत असू: अग्नी आहे, पण धूर नाही. तो गोळा आमच्याच न्हाणीघरात टांगलेला आहे, हे ध्यानी आले नाही. वीस मिनिटांची मर्यादा पुष्कळ अंशी या हवेसाठीच होती. काही यंत्रांत प्राणवायू घटला की ज्योत मिटण्याची योजना असते. आमच्या यंत्रात ती नव्हती. मुळात असले यंत्र न्हाणीघरात बसवावयाचेच नसते.

सौभाग्यवतींच्या बंबाचीही आठवण येथे अप्रस्तुत नाही, कारण कोळशाच्या अंगी हेच विष असते. आमची आजी बाळंतिणीच्या खोलीत शेगडी नेण्यापूर्वी निखारे अंगणात पुरते फुलू देई आणि दाराची फट राखून ठेवी. कोणी विचारले तर "कोंडते" एवढेच सांगे.

आता गीझर मागच्या उघड्या गच्चीत गेला आहे; न्हाणीघरात केवळ ऊन पाण्याची नळी येते. वर्षातून एकदा कारागीर येऊन काजळी काढतो. पुतण्याने येताना या वायूची वर्दी देणारे एक लहान यंत्र आणले. इंग्लंडात १ ऑक्टोबर २०२२ पासून घरमालकांवर भाडेकऱ्यांसाठी, बॉयलर असलेल्या खोलीत, ते लावण्याचे बंधन आहे. आमच्याकडे ते गच्चीच्या दाराशी आतल्या बाजूस टांगले आहे. महिन्यातून एकदा कळ दाबून त्याचा आवाज तपासतो, तेव्हा सौभाग्यवती कानांवर हात ठेवतात, पण बंबाचे नाव काढीत नाहीत. पुस्तिकेतील सूत्रांच्या तक्त्याखाली आम्ही शिसपेन्सिलीने एक ओळ वाढविली आहे: डोके जड, ज्योत पिवळी, भिंतीवर काजळी, अंक नाही.

नात अजून न्हाणीघराची कडी आतून लावीत नाही, दार नुसते लोटून घेते. ती आत असेतोवर आम्ही वर्तमानपत्र घेऊन बाहेरच्या खुर्चीवर बसतो, आणि मधूनमधून तिला एखादे सुभाषित म्हणावयास सांगतो. ती चुकते, आम्ही सुधारीत नाही.