जुडी आणि वरच्या चार मिरच्या

मेथीची जुडी घेतली, पालक घेतला, पैसे देऊन झाले, की आमच्या भाजीवाल्या मावशी न विचारता पिशवीत चार हिरव्या मिरच्या टाकतात. भाव कडाडला की त्यांचा हात आखडतो, चाराच्या दोन होतात, पण रिवाज सुटत नाही. जुडीचं मात्र तसं नाही. ती उलटीपालटी केली जाते, देठाशी दाबून पाहिली जाते, माती किती आणि पाला किती याचा अंदाज घेतला जातो, मग घासाघीस होते. आपल्या लेखी खरेदी जुडीची. मिरची नुसती सोबतीला आलेली.

आहारशास्त्राचा तक्ता उघडला की हा हिशेब उलटा होतो. शंभर ग्रॅम कच्च्या हिरव्या मिरचीत ‘क’ जीवनसत्त्व सुमारे २४० मिलिग्रॅम. तेवढ्याच कच्च्या पालकात २८. संत्र्याची मजलसुद्धा पन्नासच्या आसपास थांबते. म्हणजे जिच्यासाठी तराजू उचलायचेही कष्ट घेतले नाहीत, तीच या रकान्यात सगळ्यांच्या वर बसलेली.

मी पालेभाजीच्या बाजूचा माणूस आहे, हे आधीच सांगतो. मला ती निवडायलाही आवडते. वर्तमानपत्र पसरायचं, जुडीचा बंद सोडायचा, आणि मग घाई नावाची गोष्ट विसरायची. प्रत्येक पाल्याचा स्वभाव बोटांना आधी कळतो. मेथीची पानं खुडताना नखांशी कडू वास राहतो. शेपू दुसऱ्या खोलीतूनही आपण आल्याचं सांगतो. अंबाडी आंबट, करडई किंचित कडवट, चाकवत शिजल्यावर लोण्यासारखा मऊ, घोळ बुळबुळीत आणि तरी हवाहवासा. तांदुळजा इतका साधा, की त्याला लसूण आणि मिरचीखेरीज काही घालणं हा त्याचा अपमान वाटावा. पहिल्या पावसानंतर टाकळा आणि कुर्डू येतात. त्यांची लागवड कुणी केलेली नसते, या भाज्या बायकांनी रानातून वेचून आणलेल्या असतात. आणि एवढा सगळा पसारा कढईत पडला की पाहता पाहता बसतो. टोपलीभर मेथीची वाटीभर भाजी होते.

हे बसणंच पालेभाजीच्या बाजूनं बोलतं. मिरची कितीही श्रीमंत असली तरी ती शंभर ग्रॅम कोण खाणार? जेवणात दोन मिरच्या चावल्या तरी जेमतेम पाच-सहा ग्रॅम. पाला मात्र शंभर ग्रॅम सहज पोटात जातो, आणि जाताना एकटा जात नाही. पालकात फोलेट मिरचीच्या कितीतरी पट, कॅल्शियम पाचपट, लोह दुपटीहून अधिक, आणि ‘के’ जीवनसत्त्व तर इतकं की डॉक्टरांनाही त्याची दखल घ्यावी लागते. माझ्या वडिलांना रक्त पातळ ठेवण्याची गोळी सुरू झाली तेव्हा डॉक्टरांनी पहिल्यांदा विचारलं ते पालेभाजीबद्दल. खा म्हणाले, पण रोज सारखीच खा. आज जुडीभर आणि उद्या काहीच नाही, असं नको. मिरचीची त्यांनी चौकशीही केली नाही. वडील तिखट खाणारे. त्यांना मिरचीचा हा उपमर्द जरा लागला असावा.

पण मिरचीनंही आपला मान मिळवलेला आहे, आणि तोही अशा देशात जिथं ती आपल्याकडच्यासारखीच परकी होती. अमेरिका खंडातून निघालेलं हे झुडूप पोर्तुगिजांच्या जहाजांतून आपल्या किनाऱ्यावर आलं, आणि दुसऱ्या वाटांनी हंगेरीत पोचून तिथल्या रश्शाचा रंग झालं. तिथल्या सेगेद या गावी आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी या शास्त्रज्ञांना ‘क’ जीवनसत्त्व अभ्यासापुरतं मिळवायचं होतं, आणि जनावरांच्या ग्रंथींतून ते जेमतेम मिळत होतं. १९३२ साली एका रात्री बायकोनं जेवणात ताजी पाप्रिका वाढली. ती खायची त्यांना इच्छा नव्हती, पण तपासायची राहिलेली वनस्पती हीच, हे लक्षात आलं आणि ते ती घेऊन प्रयोगशाळेत गेले. मध्यरात्रीपर्यंत उत्तर मिळालं होतं. पुढच्या काही आठवड्यांत शुद्ध ‘क’ जीवनसत्त्व किलोच्या मापात हाती आलं. १९३७ सालच्या नोबेलमागे ही न खाल्लेली मिरची आहे.

पाल्याची कथा इतकी झटपट नाही, आणि तिची सुरुवात मुंबईतली आहे. १९२८ मध्ये लूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईला आली. गरीब गरोदर बायकांना, त्यांत गिरणीत काम करणाऱ्याही होत्या, एक विचित्र पंडुरोग होत होता. रक्तातल्या पेशी फुगलेल्या आणि संख्येनं कमी. विल्सनं त्यांच्या ताटात काय आहे आणि काय नाही हे पाहायला सुरुवात केली. यीस्टच्या अर्कानं त्या बायका सुधारतात, हे तिनं १९३१ मध्ये जगासमोर मांडलं. त्या अर्कातलं नेमकं द्रव्य कोणतं, ते मात्र दहा वर्षांनी, १९४१ साली अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये हाती लागलं: पालकात. त्यासाठी चार टन पालक लागला. तेच आजचं फॉलिक आम्ल, जे प्रत्येक गरोदर बाईला गोळीतून दिलं जातं. मिरचीनं आपलं धन भराभर ओतलं. पाल्यानं ढिगाऱ्यातून चिमूटभर दिलं. पण त्या चिमटीनं किती पोटुश्या बायकांची रक्तं सावरली!

चव घ्यायला गेलं तर दोघांचा दंशही वेगळा. मिरची जाळते, पण तो जाळ खोटा असतो. तिच्या आतल्या पांढरट शिरांतलं कॅप्सेसिन जिभेवरच्या उष्णता जाणणाऱ्या द्वारांना फसवतं, आणि भाजलं नसतानाही भाजल्याची वर्दी मेंदूला जाते. ही द्वारं शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ सालच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. म्हणजे मिरचीच्या खात्यावर दोन नोबेल. पक्ष्यांना हा जाळ कळत नाही, म्हणून पोपट लवंगी मिरची शांतपणे कुरतडतो. उलट अळू दिसायला किती सोज्वळ, पण त्याची खाज खरी असते. पानात ऑक्झलेटच्या सूक्ष्म सुया असतात आणि कच्चं राहिलं की त्या घशाला टोचतात. म्हणून ते नीट शिजवायचं, आणि जोडीला चिंच किंवा आमसूल घालायचं. पालकातलं ऑक्झलेट टोचत नाही, पण त्यातलं कॅल्शियम आतल्या आत अडवून धरतं. तक्त्यात लिहिलेलं सगळं अंगी लागतंच असं नाही.

इथंच दोघांची गरज एकमेकांना पडते. पाल्यातलं लोह शरीर हातचं राखून घेतं. सोबत ‘क’ जीवनसत्त्व असलं की ते जास्त शोषलं जातं. पण पालक शिजला की त्याच्या शंभर ग्रॅममध्ये ‘क’ दहाएक मिलिग्रॅमच उरतं. तेवढं तर ताटातल्या दोन कच्च्या मिरच्याही देऊन जातात. वाळवलेल्या लाल मिरचीत हे ‘क’ बहुतेक उडून गेलेलं असतं. नंदुरबारच्या पथारींवर उन्हात पसरलेल्या त्या लाल रानांत रंग उरतो, तिखटपणा उरतो, कॅरोटिनही बरंच उरतं. आणि ते कॅरोटिन, पाल्यातलं असो की मिरचीतलं, अंगी लागायला तेल हवं. कुणी गणित न मांडता बायकांनी फोडणी, पाला आणि तोंडी लावायला हिरवी मिरची अशी जी मांडणी केली, ती चवीसाठी केली. पण चव पुष्कळदा शहाणी असते.

पुष्कळदा, नेहमी नव्हे. मिरचीचा सर्वांत मोठा गुण कोणत्याही रकान्यात मावत नाही: ती कोरडी भाकरी घशाखाली उतरवते. लाळ सुटते, घाम येतो, जेवल्याचं समाधान होतं. आणि हाच गुण धोक्याचाही आहे, कारण ताटात दुसरं काही नसल्याची उणीव ती बेमालूम झाकते. चटणी-भाकरीचं कौतुक आपण शहरातल्या हॉटेलात थाळीचे पैसे मोजून करतो, तिथं शेजारी पिठलं असतं, भरीत असतं, ताक असतं. विल्सला भेटलेल्या बायकांच्या ताटात तिखटाची वाण नसावी; वाण होती ती दुसऱ्याच गोष्टींची. म्हणून पालेभाजी बरी की मिरची, असं कुणी विचारलं तर मी आधी विचारीन, ताटात आणखी काय आहे? जुडी असेल तर मिरची हवी तितकी वाढा, दोघींचं भलं होईल. नुसत्याच मिरचीवर भाकरी संपत असेल, तर मिरचीचे गुण गात बसू नये. त्या घरी जुडी का पोचली नाही, ते बघावं.