अविभक्त मोटार
वडनेर भोलजी येथील एक मुक्काम

मुंबईहून नागपुराकडे निघालेली आगगाडी भुसावळ सोडून पूर्वेकडे चालूं लागली, म्हणजे खिडकींतून दिसणारी माती हळूहळू काळी होत जाते. मलकापूर आलें कीं वऱ्हाडांत पाऊल पडलें असें समजावें. गेल्या माघांत आम्ही सहकुटुंब याच स्टेशनावर उतरलों. आमच्या मावशीचें सहस्रचंद्रदर्शन वडनेर भोलजी येथें व्हावयाचें होतें, आणि त्या निमित्तानें पुष्कळ वर्षांनीं या गांवीं मुक्काम घडला.

बुलढाणें जिल्ह्याचे स्वभावतःच दोन भाग पडतात. बुलढाणें शहर घाटावर आहे. वडनेर घाटाखालीं, पूर्णेच्या खोऱ्यांत, ज्यास जुने लोक पयनघाट म्हणत. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस अजिंठ्याचे डोंगर, आणि मध्यें कापसाची सपाट काळी जमीन. या कापसासाठींच १८७० सालीं जलंबहून खामगांवपर्यंत आगगाडीची शाखा नेण्यांत आली. वडनेर मात्र रुळांपेक्षां रस्त्याचें गांव. मलकापूर व नांदुरा यांच्या दरम्यान, पूर्वीं ज्यास सहा क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग म्हणत व ज्याचा क्रमांक आतां ५३ आहे, त्या रस्त्याच्या कांठीं तें वसलें आहे. मोठ्या रस्त्याकांठचें गांव नदीकांठच्या गांवासारखेंच असतें. प्रवाह जें आणून टाकील त्यावर त्याचा पुष्कळसा निर्वाह चालतो. म्हणूनच शेतकऱ्यांच्या या मुलखांत टायरवाले, वेल्डर आणि फिटर यांची वाण पडत नाहीं.

मावशीचा वाडा आम्हीं लहानपणीं पाहिला, तेव्हां त्यास एक चूल होती. आतां दोन आहेत. मावशीस दोन पुत्र. त्यांस आम्ही दादा व आप्पा म्हणतों. २०१७ सालीं दोघांच्या वांटण्या झाल्या. शेत वांटलें, भांडीं वांटलीं, अंगणांत छातीइतकी भिंत उभी राहिली. भांडण म्हणावें असें कांहीं झालें नाहीं. बोलणें मात्र कामापुरतें उरलें. मावशी एक महिना भिंतीच्या या बाजूस जेवते, एक महिना त्या बाजूस. सगळ्या घरांत वांटणी न झालेली वस्तु एकच राहिली होती, ती म्हणजे जुन्या गोठ्यांत ताडपत्रीखालीं उभी असलेली काँटेसा मोटार.

या मोटारीविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. अमेरिकेंत १९६४ च्या सुमारास साध्या आटोपशीर मोटारींत प्रचंड इंजिन बसविण्याची टूम निघाली. अशा मोटारींस तिकडे ‘मसल कार’ म्हणूं लागले. आपण पहिलवानी मोटार म्हणूं. त्या सालच्या पाँटियाक जीटीओचें इंजिन सुमारें ६·४ लिटरांचें होतें. विम्याचे वाढते दर, धुराविषयींचे कायदे आणि १९७३ ची तेलटंचाई यांनीं ती हौस लवकरच उतरली. आपल्याकडे त्या रूपाची आठवण करून देणारी मोटार म्हणजे काँटेसा. ती व्हॉक्सहॉल या विलायती मोटारीच्या सांच्यावरून हिंदुस्थान मोटर्सच्या उत्तरपाडा येथील कारखान्यांत १९८४ पासून होऊं लागली. लांबलचक नाक, चार वाटोळे दिवे, मागच्या चाकांस गति. रूप सगळें पहिलवानाचें. परंतु आरंभीं तिच्या पोटांत अँबॅसेडरचेंच १,४८९ घनसेंटिमीटरचें इंजिन होतें, म्हणजे त्या अमेरिकन इंजिनाच्या चौथाईहूनही लहान. पुढें जपानी इसुझूचें १·८ लिटरांचें इंजिन व पांच गियरांची पेटी आली, तेव्हां देहास थोडेंसें साजेसें बळ मिळालें. २००२ सालीं तिचें उत्पादन थांबलें.

मावशीच्या यजमानांनीं १९९६ सालीं कापसाच्या पैशांतून घेतलेली मोटार या दुसऱ्या जातीची, पांढरी. घरांतील दोन लग्नांच्या वराती तिच्यांतून निघाल्या. दरवर्षीं शेगांवची वारी तिच्यांतूनच होई. यजमान निवर्तले, २०१६ सालीं नोंदणीची मुदत संपली, आणि मोटार गोठ्यांत गेली ती तेथेंच राहिली. गेल्या वर्षीं एक भंगारवाला वजनावर भाव सांगून गेला. निम्मे निम्मे पैसे घेण्यास दोघे बंधु तयारही झाले होते. तेव्हां मावशीनें इतकेंच म्हटलें, “माझं सहस्रचंद्रदर्शन झालं कीं मी याच गाडीनं शेगांवला जाणार आहे. मग खुशाल विका.”

ज्यांनीं ही गोष्ट मनावर घेतली, ते दादांचे चिरंजीव व आप्पांची कन्या. चिरंजीव पुण्यास नोकरीस. कन्या अकोल्यास विजेचें शास्त्र शिकते. सुटी मिळेल तेव्हां दोघे येत. काम पाहावयास व शिकवावयास रस्त्यावरचे एक वृद्ध मिस्त्री. त्या आठ महिन्यांची हकीकत आम्हीं दोघांच्या तोंडून ऐकली, आणि शेवटचे चार दिवस स्वतः पाहिले.

पहिलें संकट उंदरांचें. गादीच्या स्पंजांत आणि हवेच्या गाळणींत त्यांनीं सरकीसकट कापूस भरून ठेविला होता, आणि दिव्यांच्या तारा कुरतडल्या होत्या. कन्येनें सगळ्या तारा काढल्या, प्रत्येकीस चिठ्ठी बांधली, आणि नवा गुंता स्वतः विणला. दुसरें संकट इंजिनाचें. वर्षानुवर्षें न फिरलेलें इंजिन बॅटरी लावून एकदम फिरविलें, तर गंजलेल्या रिंगा तुटतात व सिलिंडरास ओरखडे पडतात. म्हणून मिस्त्रींनीं प्लग काढून त्या भोंकांतून तेल सोडलें आणि आठ दिवस कोणास हात लावूं दिला नाहीं. मग लांब पान्यानें इंजिन बोटभर पुढें, बोटभर मागें, असें हातानें सोडविलें. टांकींतील जुन्या पेट्रोलचा लाखेसारखा चिकट थर झाला होता. टांकी उतरवून, तींत नट व खडे घालून, दोघां पोरांनीं ती दोन बाजूंनीं धरून सुपासारखी पाखडली. रबरी नळ्या झाडून सगळ्या बदलल्या. हल्लीं पेट्रोलांत वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें; तें पाणी ओढून घेतें, आणि जुनें रबर त्यानें फुगून मऊ पडतें. निघालेले नटबोल्ट मावशीच्या लोणच्याच्या रिकाम्या बरण्यांत राहत. बरण्या भिंतीच्या दोन्ही बाजूंच्या होत्या, आणि कोणती कोणाची हें पुढें कोणाच्या ध्यानांत राहिलें नाहीं.

सर्वांत वाईट निघाला तो पत्रा. पूर्वीं कोण्या शहरांतील कारागिरानें गंज न कापतां त्यावर पुट्टी थापून रंग दिला होता. वरून गुळगुळीत, आंत पाणी धरून बसलेलें. खरवडूं लागतांच पायाखालची पाटी हातांत आली. मिस्त्री म्हणाले, “वरून लिपलं तं आतून सडतेच, साहेब.” आम्हांस त्या वेळीं अंगणांतील भिंतीची आठवण झाली, ती मनांतच ठेविली.

पत्रा नवा जोडून झाल्यावर दोघां भावंडांत खरा वाद पेटला. चिरंजीवांचें म्हणणें, रूप पहिलवानाचें आहे तर बळही द्यावें. भंगारांत निघालेलें एखादें दांडगें जपानी इंजिन आणून बसवावें. कन्येचें म्हणणें, आजोबांची गाडी म्हणजे आजोबांचीच पाहिजे. दिव्याची कांच देखील नवी नको. दोन्ही पक्षांस आमची थोडीथोडी सहानुभूति होती, परंतु दोन्ही अपुरे होते.

कायदा चिरंजीवांस अनुकूल नव्हता. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणें उत्पादकानें मूळ ठरविलेल्या तपशिलाशीं विसंगत असा फरक गाडींत करतां येत नाहीं, आणि २०१९ सालीं सर्वोच्च न्यायालयानेंही तसाच निर्णय दिला. उलट जुन्या गाड्यांस मूळ रूपांत जपण्याची जी स्वतंत्र नोंदणी २०२१ पासून मिळते, ती पन्नास वर्षें पुरी झालेल्या गाडीस. पहिल्या काँटेसाससुद्धां ती २०३४ पूर्वीं मिळणें नाहीं. तेव्हां ही गाडी धड नवी नव्हे, धड प्राचीनही नव्हे. वाद मिटविला तो मिस्त्रींनीं. “गाडीले पयले थांबता आलं पायजे, पळनं मंग पाहू,” असें म्हणून त्यांनीं ब्रेकाची एक जुनी नळी बोटांनीं दाबली. ती पिचली. त्याच गाडीनें पूर्वीं सगळें घर शेगांवास जात असे! चिरंजीव त्यानंतर इंजिनाविषयीं बोलले नाहींत.

तडजोड अशी ठरली. इंजिन, रंग, चार दिवे आणि घड्याळांची पाटी जशीच्या तशी. ब्रेकाच्या नळ्या, टायर, तारा, कमरपट्टे हें सर्व नवें. आणि मावशीसाठीं दाराच्या वर हात धरावयास एक कडी, व चढावयास सुटा लांकडी पाट. गाद्यांचीं कव्हरें दोन्ही वहिनींनीं मिळून शिवलीं. सात वर्षांहून अधिक काळानें दोघी एका यंत्रावर बसल्या, असें मावशी आम्हांस हळूच म्हणाली.

राहतां राहिला कागद. नोंदणी यजमानांच्या नांवावर. ती एका वारसाच्या नांवें करावयाची, तर दुसऱ्याची संमति पाहिजे. दादा म्हणत आप्पांच्या नांवें करा. आप्पा म्हणत दादांच्या. ऐकणारास हें औदार्य वाटलें असतें; परंतु आम्हांस कळून चुकलें कीं, घेणाऱ्यानें दुसऱ्याचा हिस्सा द्यावा लागेल आणि त्या हिशेबास पुन्हां तोंड फोडावें लागेल, याची दोघांसही भीति वाटत होती. चार दिवस कागद कोरा राहिला. अखेर मावशीच म्हणाली, “माझ्या नांवावर करा. चालवणाऱ्याच्याच नांवानं गाडी असावी असं कुठं आहे?” ऐक्याऐंशीव्या वर्षीं तिनें सही केली. बुलढाण्यास तपासणींत पहिल्या खेपेस दिव्यांची दिशा चुकीची ठरली. दुसऱ्या खेपेस गाडी उतरली.

समारंभ झाल्यावर तिसऱ्या दिवशीं पहांटे आम्ही निघालों. दादा चालवीत होते, आप्पा शेजारीं; मागें मावशी व आम्ही उभयतां. गाडी जोरानें मुळींच गेली नाहीं. ट्रकांमागून ट्रक आमच्या पुढें गेले. नांदुऱ्याचा १०५ फुटी मारुति दिसूं लागला तेव्हां मावशीनें कडी सोडून हात जोडले. समोरून बैलगाडी आडवी आली; दादांनीं ब्रेक दाबला, गाडी सरळ रेषेंत थांबली. आप्पा म्हणाले, “बरा लागतो.” दादा म्हणाले, “हो.” शेगांवपर्यंत दोघांचें संभाषण एवढेंच झालें, परंतु तें कामापुरतें नव्हतें.

परततांना आम्हीं मावशीस विचारलें, “तुझ्यामागें गाडीचें काय?” ती म्हणाली, “माझ्यामागं काय करायचं तें माझ्यामागं ठरवा. मी आहे तोंवर एक आहे.”

जुनी वस्तु जशीच्या तशी ठेवावी कीं काळाप्रमाणें बदलावी, हा प्रश्न ज्या घरांत एकापेक्षां अधिक पिढ्या नांदतात त्या प्रत्येक घरापुढें येतो. काय राखावें आणि काय बदलावें याचें गणित सगळीकडे एकच असेल असें नाहीं. वडनेरास मात्र गंज कापून काढावा लागला, ब्रेक नवे घालावे लागले, आणि इंजिन जुनेंच पुरलें. अंगणांतील भिंत अद्याप उभी आहे. परंतु आम्ही निघालों त्या दिवशीं तीवर दोन्ही बाजूंच्या बरण्या धुऊन एका ओळींत वाळत घातलेल्या होत्या.