बॅटरीला मालक कळत नाही

विद्युत मोटारींच्या जाहिरातींत 'आजीवन वॉरंटी' हा शब्द आता रुळला आहे. एमजी, महिंद्रा आणि टाटा या तिघांनीही बॅटरीसाठी ती देऊ केली. मात्र पहिल्या मालकापुरती. मोटार दुसऱ्याच्या नावावर झाली की हमी ठरावीक वर्षांवर आणि किलोमीटरवर उतरते. रासायनिक अभिक्रियेला नोंदणीपुस्तिका वाचता येत नाही, त्यामुळे हा बदल पदार्थविज्ञानाचा नसून किमतीचा आहे, हे उघड आहे.

माझे मेहुणे चार वर्षे वापरलेली, ३०.२ किलोवॅट-तास बॅटरीची नेक्सॉन घेण्याच्या विचारात आहेत. बॅटरीची मूळ वॉरंटी ८ वर्षे किंवा १.६ लाख किलोमीटर. म्हणजे निम्मा काळ सरला. विक्रेता किलोमीटरचा आकडा पुढे करतो. पण बॅटरीचे वय केवळ अंतराने ठरत नाही. ग्रॅफाइटच्या ऋणाग्रावर एक सूक्ष्म थर साचत जातो आणि त्यात लिथियम कायमचे अडकते. थर जितका जाड, तितकी त्याची पुढची वाढ मंद. ती साधारणपणे काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात होते. पहिल्या वर्षी ४ टक्के क्षमता गेली, तर चार वर्षांत १६ नव्हे, सुमारे ८ टक्के जाईल. उष्णतेने मात्र हा वेग वाढतो. नागपूरच्या उन्हात पूर्ण भारित उभी राहणारी मोटार आणि बंगळुरूच्या तळघरातली मोटार यांचे किलोमीटर सारखे असले, तरी त्या सारख्या नव्हेत.

पडद्यावरच्या टक्क्यांवरही फार विसंबू नये. लोह-फॉस्फेट प्रकारच्या घटांचा विद्युतदाब भाराच्या मधल्या मोठ्या टप्प्यात जवळजवळ स्थिर राहतो, त्यामुळे त्यावरून शिल्लक भार ओळखणे अवघड जाते.

त्यापेक्षा एक साधे मापन करता येते. १० टक्क्यांपासून पूर्ण भारापर्यंत घरगुती चार्जरने मोटार चार्ज करावी आणि मीटरवरील युनिटे मोजावीत. समजा २८ युनिटे लागली. १२ टक्के ऊर्जा वाटेत वाया गेली असे धरल्यास बॅटरीत २४.६ पोचली; ती ९० टक्के भाराची, म्हणून पूर्ण क्षमता २७.४, अर्थात मूळच्या ९१ टक्के. अपव्यय १० किंवा १४ टक्के धरला, तर उत्तर ९३ किंवा ८९ येते. ही अनिश्चितता सोबत लिहावी. प्रयोगशाळेत आपण तेच करतो. वॉरंटीचा दावा सामान्यतः क्षमता ७० टक्क्यांच्या आसपास घसरल्यावरच उभा राहतो, त्या मानाने एवढी अचूकता पुरेशी आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या २०२२ मधील तांत्रिक नियमावलीत ५ वर्षे किंवा १ लाख किलोमीटरपर्यंत किमान ८० टक्के क्षमतेची अट आहे. आपल्याकडे ग्राहकाच्या हाती असा आकडा नसतो, आणि किंमत अंदाजाने पाडली जाते. (व्यापाऱ्याकडून घेतल्यास त्याच्या नफ्यावर १८ टक्के जीएसटी लागतो, दोन व्यक्तींमधील व्यवहारात तो नाही. डिसेंबर २०२४ मध्ये यावरून बराच गोंधळ उडाला होता.) पुरावा नसताना ग्राहक वाईटात वाईट गृहीत धरतो. मग ज्याने बॅटरी सांभाळली, त्याच्या पदरी काहीच पडत नाही.

मेहुण्यांनी एका रात्रीच्या चार्जिंगची परवानगी आणि उर्वरित वॉरंटी आपल्या नावे होईल असे लेखी आश्वासन मागितले आहे. विक्रेत्याने दुसरी अट तत्काळ मान्य केली. पहिलीवर तो विचार करत आहे.